घाटावर बसवलेला एसी कोकणात का रडला: एका ७८ च्या फियाटचं प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आप्पांचा फोन. "अरे, गाडीत पाणी साठतंय, आणि पावसाचा तर टिपूस नाही." मला पहिल्यांदा वाटलं रेडिएटरचा होज फुटला असेल, म्हणून विचारलं हिरवट आहे का, बोटाला चिकट लागतं का. "छे रे, विहिरीच्या पाण्यासारखं स्वच्छ. काकूच्या पायाखालचं गोणपाट पिळलं तर अर्धी बादली भरली." म्हटलं आप्पा, हे एसीचं पाणी, गाडी घेऊन या. तर म्हणतात, "घेऊन कसा येऊ? बॅटरी उतरलीय."

आधी माझं सांगतो. मी काही गाड्यांचा मेकॅनिक नाही. माझं काम रेफ्रिजरेशनचं, मिरकरवाड्याकडचे बर्फ कारखाने, मासळीची आणि आंब्याच्या पल्पची कोल्ड स्टोरेज, असलं. गाडीचा एसी हा त्याच घरातला धाकटा भाऊ, तत्त्व तेच, फक्त सगळं छोटं आणि सगळं हलतं. वायरिंग मला जमत नाही, त्यासाठी मिरजोळे एमआयडीसीत आमचा एक वायरमन मित्र आहे, त्याच्याच शेडमध्ये हे सगळं काम झालं. तीन आठवडे लागले. आंब्याचा सीझन असल्यामुळे मधे मधे माझं कामच अडकत होतं, नाहीतर आठ-दहा दिवसांचं काम.

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, पण आमच्याकडे अजून सगळे फियाटच म्हणतात आणि ते काही चूक नाही, मूळची फियाट ११०० डिलाइटच ती, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून बनवलेली, पद्मिनी हे नाव १९७४ चं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, कार्बोरेटर, ताकद चाळीस घोड्यांच्या थोडी वर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे सलग बाकडं. आप्पांची गाडी पावसच्या अलीकडे गोळपच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, घरी असते, शेडमध्ये, मालकाने स्वतः पुसलेली. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कोल्हापूरला डॉक्टरकडे फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा मुलगा म्हणाला नवीन एसी गाडी घेऊन देतो. आप्पा म्हणाले गाडी आहे, एसी तेवढा आण. मग डिसेंबरात काकूंच्या तपासणीसाठी तिकडे पंधरा दिवस मुक्काम होता, तेवढ्यात घाटावरच्याच एका दुकानातून एसी बसवून घेतला. पंचावन्न हजार. डिसेंबरात कोल्हापुरात तो झकास चालला. फेब्रुवारीतही बरा. एप्रिल उजाडला आणि गाडी खाली आमच्याकडे, खाडीकाठच्या हवेत रोज फिरायला लागली, तसा तो रडायला लागला.

बॅटरीला बॅटरी जोडून गाडी चालू केली आणि शेडपर्यंत मीच चालवत आणली. आतला पारा ३० वर, म्हणजे बाहेरपेक्षा फार तर तीन डिग्री कमी, आणि अंग चिकट ते चिकटच. लूव्हरमधून येणारी हवा गार होती, पण ओली, कुबट वासाची. मारुती मंदिरच्या सर्कलला थांबलो तसं इंजिनच्या टेंपरेचरचा काटा चढायला लागला. एसीचा क्लच, म्हणजे कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारी चकती, लागला की गाडीला गचका, आणि दोनदा इंजिन बंदच पडलं. मागचा रिक्षावाला जे बोलला ते इथे लिहीत नाही.

आता मूळ मुद्दा, आणि तो आप्पांना पटवायला मला अख्खा एक दिवस लागला. त्यांचं म्हणणं साधं, "कोल्हापूर मे महिन्यात सदतीस-अडतीसला जातं, रत्नागिरी तेहेतीसच्या वर फारसं जात नाही, मग तिथल्या हवेला पुरणारा एसी इथे का पुरू नये?" थर्मामीटर बघितला तर बरोबर आहे. पण एसीला नुसता थर्मामीटर दिसत नाही, त्याला हवेतलं पाणी पण दिसतं. आमच्याकडे ३३ डिग्री आणि ७० टक्के दमटपणा धरा, एक किलो हवेत साधारण २२ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. घाटावर ३७ डिग्री आणि २५ टक्के धरा, दहा-अकरा ग्रॅम. ही हवा कॉइलवर, म्हणजे एसीच्या गार नळ्या-पात्यांवर, १२ डिग्रीपर्यंत उतरवायची तर घाटावर किलोमागे तीस किलोज्यूलच्या आत काम होतं, आमच्याकडे ५६ च्या आसपास लागतात. जवळजवळ दुप्पट. आणि त्या ५६ मधले ३४ नुसते वाफेचं पाणी करण्यात जातात, त्याने पारा एक डिग्रीही खाली येत नाही. म्हणजे कोकणात गाडीचा एसी निम्म्याहून जास्त वेळ पाणी उपसत असतो, उरलेल्या वेळात थंडावा करतो.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मी पंचावन्न हजाराला रहाट बसवून घेतला." पुढे तीन आठवडे शेडमध्ये त्या युनिटचं नाव रहाटच पडलं.

आता रहाट उपसतोय तर पाणी येतंय कुठून? बंद गाडीत जेवढी हवा आहे त्यातलं पाणी दहा मिनिटांत संपायला हवं. माणसांच्या श्वासाघामाचं थोडं येणार, ते दोघातिघांचं मिळून तासाला पाव-दोन पाव लिटरच्या पलीकडे जात नाही. अर्धी बादली निघते याचा अर्थ बाहेरची ओली हवा सतत आत येतेय. मी हिशेब केला, तासाला नुसती १०० घनमीटर हवा फटीतून आत आली तर ती सुकवायला आणि गार करायला पावणेदोन किलोवॅट लागतात. लहान गाडीचा एसी जोरात चालला तरी तीन-साडेतीनच्या घरात. निम्मा जीव फटी खातात. हे मापायचं कसं तर ड्रेनचं, म्हणजे एसीतून बाहेर सोडलेलं, पाणी मोजून, पण त्यासाठी आधी ड्रेन नीट पाहिजे.

ड्रेन नीट नव्हता. डॅशखाली लटकवलेलं युनिट होतं, त्यात ब्लोअर कॉइलच्या पुढे, म्हणजे हवा कॉइलमधून ओढून घेणारा. अशा डब्यात आत उणं प्रेशर असतं. दुकानाने ड्रेनचा पाइप सरळ खाली पत्र्यातून सोडलेला, मग होतं काय की ब्लोअर त्याच पाइपातून बाहेरची हवा वर खेचतो आणि ट्रेमधलं पाणी अडून राहतं, ट्रे भरला की वळणावर ओसंडतं, थेट काकूंच्या पायावर. वर तो पाइप मधेच एका ठिकाणी उंच गेलेला. कोल्ड स्टोरेजच्या युनिटला आम्ही याच कारणासाठी ड्रेनला यू वाकवतो, बेसिनखाली असतो तसा. पाणी त्या वाकात साठून बूच होतं, हवा वर येत नाही आणि जास्तीचं पाणी आपोआप बाहेर पडतं. गाडीत तेच केलं, फक्त छोटं, रबरी नळीचा तीन इंची वाक आणि क्लिप. दीडशे रुपयांचं काम, आणि सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त कौतुक याच गोष्टीचं झालं कारण काकूंचे पाय कोरडे राहिले.

मग गाडीखाली रिकामी एक लिटरची बाटली बांधली आणि संध्याकाळी भाट्याच्या पुलावरून गोळपपर्यंत जाऊन-येऊन केलं. चाळीस मिनिटांत बाटली गळ्यापर्यंत. तासाला दीड लिटर. वायरमन म्हणाला, "बगा, नळपाणी योजना झाली."

फटी शोधायला दोन उपाय केले. पहिला, रात्री शेडचे दिवे बंद करून गाडीत आतून बल्ब लावला आणि बाहेरून फिरलो. गाडी नुसती आकाशकंदिलासारखी दिसत होती हो. दरवाजांची बीडिंग कडक होऊन बसलेली, मागच्या सीटमागचा पुठ्ठा सडलेला म्हणजे डिकी आणि केबिन एकच, पेडलांच्या भोकांची रबरं नाहीत, स्पीडोमीटरच्या केबलचं भोक उघडं. दुसरा उपाय उदबत्ती. दरवाजे लावून ब्लोअर फुल, आणि उदबत्ती धरून डॅशखाली सरकत जायचं, जिथे धूर वाकतो तिथे फट. तिथे सापडलं खरं दुखणं. एसीचे पाइप आत घ्यायला दुकानाने फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, भोक पाडलेलं, करवंटी बसेल एवढं, आणि त्याला ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी) नाही की फोम नाही काही नाही. ते भोक नेमकं युनिटच्या हवा ओढणाऱ्या तोंडाच्या मागे. म्हणजे एसी आतली गार झालेली हवा फिरवायचं सोडून इंजिनवरची गरम, ओली हवा थेट ओढत होता. डिसेंबरात घाटावर त्याने काही बिघडलं नाही, तिथली हवा सुकी आणि थंड. घाटाखाली मे महिन्यात तेच भोक जीवावर उठलं.

भोकाला पत्र्याची चकती, त्यात पाइपांपुरती रबरी ग्रोमेट, कडेला सीलंट. दरवाजांना नवीन बीडिंग, फियाटची म्हणून जी मिळते तिचा दर्जा असातसाच आहे, दोन दरवाजांना आम्ही दुसऱ्याच गाडीची घासून बसवली. सीटमागे प्लाय आणि त्यावर बंद छिद्रांचा फोम, साधा स्पंज घालू नका, तो पाणी पितो आणि पत्रा सडवतो. दरवाजांच्या तळाला जी भोकं असतात ती मात्र बुजवायची नाहीत, ती पावसाचं पाणी जायला आहेत. आमच्या पोराने उत्साहात एक बुजवलं होतं, ते परत उघडलं. हे सगळं झाल्यावर परत बाटली बांधली, तोच रस्ता, साधारण तीच हवा. तासाला साडेतीनशे मिली. अजून गॅसला हात लावला नव्हता, कॉम्प्रेसरला नाही, काही नाही, आणि आतला पारा २८ वर आलेला, अंगावरचा चिकटपणा गेलेला. आप्पा तेव्हाच म्हणत होते पुरे झालं.

पण इंजिन तापणं आणि बॅटरी उतरणं बाकी होतं.

गॅस बघितला. गाडी बंद असताना गेजवर सगळं छान दिसतं, आणि इथेच पुष्कळ जण फसतात, कारण बंद सिस्टिममध्ये आर-१३४ए या एसीतल्या गॅसचं प्रेशर फक्त बाहेरच्या तापमानावर ठरतं, आत पाव किलो असो की एक किलो. ३३ डिग्रीला शंभर-सव्वाशेच्या मधे पीएसआय दाखवणारच. चालू केल्यावर खरं कळतं. उभ्या गाडीत हाय साइड (कॉम्प्रेसरनंतरचं प्रेशर) ३३० वर, लो साइड (कॉम्प्रेसरच्या आधीचं) ५० च्या वर. गॅस जास्त. सगळा गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढला, हवेत सोडला नाही, आणि वजन केलं, ९५० ग्रॅम. पुढे नवीन भरला तो वजनाने ६०० ग्रॅम आणि तेवढ्यात भागलं. "थंड लागेपर्यंत मारत राहा" ही पद्धत डिसेंबरातल्या गाडीला केली की मे महिन्यात हे असं होतं.

आणि एक गंमत. कंडेन्सरच्या, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, पुढे लावलेला पंखा फिरत होता, आवाज दणदणीत, म्हणून दोन दिवस कुणी त्याच्याकडे बघितलंच नाही. वायरमनने सहज ग्रिलला पेपरचं पान लावलं, ते आत चिकटायला हवं तर उडून लांब पडलं. वायरी उलट्या. पंखा कंडेन्सरची गरम हवा पुढे फेकत होता आणि इंजिनचा स्वतःचा पंखा मागून तीच खेचत होता, दोघांची रस्सीखेच, हवा जागच्या जागी. मारुती मंदिरला काटा का चढत होता ते कळलं. दोन वायरी अदलाबदल केल्या, दोन मिनिटं. पेपरचं पान लावून बघायला पैसे पडत नाहीत, ज्याने त्याने आपल्या गाडीला बघावं.

कॉम्प्रेसरवरून मात्र जोरदार वाद झाला. दुकानाने सात सिलिंडरचा, १५५ सीसीचा मोठा कॉम्प्रेसर बसवलेला, जो दीड-दोन लिटरच्या इंजिनाला शोभतो. आप्पांचं म्हणणं मोठा म्हणजे चांगलाच की, पैसे दिलेत, ठेव. माझं म्हणणं काढा, आणि कारणं दोन. एक तर चाळीस घोड्यांच्या इंजिनातून हा ओझ्यात असताना पाच-सहा घोडे खातो, गचका आणि बंद पडणं त्यातूनच. दुसरं कारण खास आपल्या हवेचं. कॉम्प्रेसर मोठा असला की कॉइल पटकन गार होते, थर्मोस्टॅट क्लच सोडतो, पण ब्लोअर चालूच असतो, मग कॉइलच्या पात्यांवर जमलेलं पाणी ड्रेनकडे ओघळायच्या आत पुन्हा हवेत उडून केबिनमध्ये येतं. पुन्हा क्लच लागतो, तेच पाणी पुन्हा पकडायचं. रहाटाला भोकाची पोहरी. दमट हवेत छोटा कॉम्प्रेसर जास्त वेळ सलग चाललेला बरा. घरचा एसी खोलीपेक्षा मोठा घेतला की खोली गार पण ओलसर राहते, तेच हे. शेवटी काकू म्हणाल्या, "काढू दे रे त्याला, गचक्याने माझा गुडघा दुखतो," आणि विषय संपला. छोट्या हॅचबॅकला लागतो तसा, ९० सीसीच्या आसपासचा बसवला, मोठा त्याच्याच एका गिऱ्हाइकाला विकून वायरमनने पैसे वसूल करून दिले.

नवीन कॉम्प्रेसर म्हणजे नवीन ब्रॅकेट. आठ एमएमची प्लेट कापून लेथवाल्याकडून भोकं करून घेतली, क्रँकच्या पुलीला दुसरी खाच असलेली पुली वळवून घेतली. आमच्याकडून तीन एमएमचा तिरपेपणा राहिला. दोन बेल्ट खाल्ले, दोन्ही वेळा आम्ही बेल्टला शिव्या दिल्या, तिसऱ्या वेळी सरळ पट्टी लावून बघितली तेव्हा आपलीच चूक दिसली. वॉशर घालून सरळ केलं.

सिस्टिम उघडली की ड्रायर, म्हणजे आतलं पाणी शोषणारी डबी, बदलायचाच, इथे दया माया नाही. आर-१३४ए बरोबरचं पीएजी तेल हवेतलं पाणी ओढतं, मे महिन्यात रत्नागिरीत डबा उघडा ठेवून चहाला गेलात तर परत येऊन तो फेकून द्या. आम्ही सगळे जोड आवळल्यावर शेवटी तेलाचा डबा फोडला, मग पाऊण तास व्हॅक्यूम मारला आणि अर्धा तास नुसता धरून ठेवला. पुरेशा व्हॅक्यूममध्ये पाणी तीस डिग्रीलाच उकळतं आणि पंपातून निघून जातं, म्हणून घाई करायची नाही. पंधरा मिनिटं व्हॅक्यूम मारून गॅस भरणारे खूप आहेत, घाटावर ते खपूनही जातं.

वीज. गाडीला मूळचा डायनॅमो. आयडलला, म्हणजे गाडी जागेवर चालू असताना, तो जवळजवळ काही देत नाही, पळत्या गाडीत क्लॅम्प मीटरवर १८ अँपिअर मिळाले. आणि मागणी? कंडेन्सरचा पंखा ९, ब्लोअर फुलवर १०, क्लच ४, झाले २३. रात्री हेडलाइटचे १०, पावसात वायपरचे तीन-चार, इग्निशन वेगळंच. उरलेलं सगळं बॅटरीतून, म्हणजे उसनवारीवर संसार. शिवाय एसीची वायर दुकानाने इग्निशन स्विचच्या जुन्या वायरवरच जोडलेली, ती हाताला गरम लागत होती आणि ब्लोअरपाशी पोचेपर्यंत १०.८ व्होल्ट उरत होते. डायनॅमो आणि त्याचा कटआउट काढून ६५ अँपिअरचा अल्टरनेटर घातला, पंखा, ब्लोअर आणि क्लच तिघांना वेगवेगळे रिले आणि फ्यूज, जाड वायर थेट बॅटरीवरून. ब्लोअरपाशी आता १३.४. डायनॅमो आप्पांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून घरी नेला, परत बसवता येईल म्हणून. नेऊ दे. एक भोक सोडलं तर गाडीत आम्ही जे केलं ते सगळं उलट करता येतं, आणि जुन्या गाडीवर काम करताना ते पाहिजेच.

आता माझी लाज. सगळं जोडून पहिली लांब फेरी पावसपर्यंत, मी, आप्पा, काकू. पहिला अर्धा तास झक्कास, काकूंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. फणसोपच्या पुढे हवा कमी कमी होत गेली आणि गोळपला येईपर्यंत लूव्हरमधून नुसता ब्लोअरचा आवाज. खाली हात घातला तर कॉइलवर पांढरा बर्फ. थर्मोस्टॅटचा प्रोब मी कॉइलच्या वरच्या कोपऱ्यात खुपसला होता, जिथे पाती सगळ्यात कमी गार असतात, तिथे पाच डिग्री होईपर्यंत खाली एक्सपान्शन व्हॉल्व्हकडे, जिथून गॅस कॉइलमध्ये शिरतो, शून्याखाली गेलेलं, आणि आपल्या हवेतलं पाणी गोठायला किती वेळ लागतो. आप्पा म्हणाले, "बर्फ कारखान्याचा माणूस आणला की असंच व्हायचं." ब्लोअर चालू ठेवून क्लच बंद केला, दहा मिनिटांत वितळलं. दुसऱ्या दिवशी प्रोब जिथे कॉइल सगळ्यात गार तिथे सरकवला. परत कधी गोठलं नाही.

बाकीचं पटापट. रेडिएटरला एक रांग वाढवून नवीन कोअर, आणि कुणीतरी कधीतरी काढून फेकलेला इंजिनचा थर्मोस्टॅट परत बसवला. थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते ही आपल्याकडची जुनी समजूत आहे, मी तिच्याशी भांडून दमलोय. क्लच लागला की थ्रॉटल जरासा उघडणारा व्हॅक्यूमचा अ‍ॅक्चुएटर कार्बोरेटरला लावला, त्यामुळे आयडल पडत नाही. छताच्या कापडाखाली फॉइलचा फोम. काचांना काळी फिल्म लावू का असं मुलाने फोनवर विचारलं होतं, २०१२ साली सुप्रीम कोर्टाने बंदी घातलीय म्हटलं.

शेवटची मोजमापं, मे अखेर, दुपारी दोन, बाहेर ३३ डिग्री आणि ७२ टक्के. पन्नासच्या स्पीडला लूव्हरमध्ये ११, उभ्या गाडीत १५ ते १६. केबिन वीस मिनिटांत २६, आतला दमटपणा ५० च्या जवळ. हाय साइड २२५, लो साइड ३२. आवश्यक तेवढंच, फार थंड नाही, नवीन गाडीसारखं हुडहुडी भरणारं तर अजिबात नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून कुणी जुन्या गाडीत हे करू नये. अ‍ॅव्हरेज चौदावरून बाराला आलं. खर्च मोठा कॉम्प्रेसर विकल्याचे वजा जाऊन एकतीस हजार, त्यातला सगळ्यात मोठा आकडा अल्टरनेटर आणि रेडिएटरचा. गार वाटण्यात सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम, म्हणजे फटी बुजवणं, बीडिंग धरून साडेतीन हजार.

खाऱ्या हवेचं एक सांगायला हवं. कंडेन्सर अ‍ॅल्युमिनियमचा, दुकानाने तो लोखंडी पट्टीवर लोखंडी बोल्टने थेट आवळलेला, पाच महिन्यांत तिथे पांढरी पूड यायला लागली होती. खारा ओलावा आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यातला अ‍ॅल्युमिनियम मरतो. मधे रबर आणि नायलॉनचे वॉशर घातले. आप्पांना सांगून ठेवलंय, दर पंधरा दिवसांनी साध्या पाइपने, गोड्या पाण्याने कंडेन्सर धुवायचा, प्रेशरवाल्या पंपाने नाही, पाती आडवी होतात. सड्यावरची तांबडी धूळ आणि मीठ मिळून जो लेप बसतो तो ब्रशने निघत नाही. आणि मृगाच्या आधी ड्रेनच्या यू-वाकात एकदा गरम पाणी सोडायचं, आत शेवाळ धरतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते काकूंना घेऊन घाटावर गेले. साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना एसी बंद ठेवायचा असं ठरवून दिलं होतं, वरती पोचल्यावर चालू. डॅशखाली त्यासाठी वेगळा स्विच दिलाय, फक्त कॉम्प्रेसर तोडणारा, ब्लोअर चालू राहतो. आप्पांनी फोन करून सांगितलं की निम्मा घाट चालूच ठेवला होता आणि काटा मधेच होता. मी ओरडलो. त्यांनी ऐकलं नाही असं वाटतं.

गणपतीच्या आधी गाडी परत शेडमध्ये बोलावली, मॅट काढून पत्रा बघायला. युनिटखाली कोरडं, ड्रेनजवळ कोरडं, काकूंच्या बाजूला गोणपाट काढून छान नारळाच्या काथ्याची चटई. फक्त ड्रायव्हरच्या बाजूला कोपऱ्यात ओल. वायरमन लगेच सीलंटची नळी घेऊन आला, मी म्हटलं थांब, हे एसीचं नाही, पुढच्या काचेच्या रबरातून पावसाचं येतंय. आप्पा बाहेर उभे होते, त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "ती होय? ती अठ्ठ्याहत्तर सालापासून आहे. तिला हात लावू नका."